रेव्हरंड टिळक

इ. स. १८९३ सालची गोष्ट. नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीच्या डब्यात तीस-बत्तीस वर्षांचे एक मराठी गृहस्थ येऊन बसले. डब्यात एक गोरा प्रवासी होता. त्या दिवसांत राज्य इंग्रजांचे होते आणि एतद्देशीय सहप्रवाशाशी गोऱ्या माणसाने तुसडेपणाने वागावे, ही नित्याची गोष्ट होती. या प्रवाशाने मात्र आपल्या सोबत्याचे आदराने स्वागत केले. बोलता बोलता काव्याचा विषय निघाला. मराठी गृहस्थ स्वतः कवी होते, संस्कृताचे व्यासंगी होते. साहजिकच संभाषण रंगले. मग ते धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या प्रवाशाने एक पुस्तक आपल्या सोबत्याच्या हाती ठेवले. तो बायबलातील 'नवा करार' होता. हे पुस्तक मनापासून वाचाल तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही तो सांगून गेला.

ऐकणाऱ्याला हे भविष्य मोठे चमत्कारिक वाटले. तरीही पुस्तक वाचण्याचे त्यांनी कबूल केले. त्या प्रवाशाचे नाव काय, गाव कोणते, हे शेवटपर्यंत कळले नाही. पुढे त्या दोघांची पुन्हा कधी भेटही झाली नाही. एका मनुष्याच्या आयुष्याला निराळे वळण लावून तो अनामिक प्रवासी जो निघून गेला तो गेलाच.

हे मराठी गृहस्थ म्हणजे 'फुलामुलांचे कवी' म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले नारायण वामन टिळक होत. लोकमान्य टिळकांच्याच काळात ते होऊन गेले. आडनाव एकच असल्यामुळे विद्यार्थ्यांचा कधी कधी घोटाळा होतो. म्हणून आरंभीच सांगितलेले बरे की, केसरीकार बाळ गंगाधर टिळक निराळे आणि हे कवी टिळक निराळे. दोघांची घराणी मात्र कोकणातीलच.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या खेड्यात झाला. वडील सरकारी नोकर होते. त्यांचा स्वभाव करडा होता आणि घरात त्यांचा धाक असे. आई जानकीबाई अत्यंत भाविक आणि मायाळू होती. कवितेची गोडी नारायणाला तिच्यापासूनच लागली. परंतु हे मायेचे छत्र त्याला फार दिवस लाभले नाही. तो अवघा अकरा-बारा वर्षांचा असताना आई वारली. तुमच्याच वयाचा मुलगा तो! घरातील जिव्हाळाच नाहीसा झाला आणि पोरके मन घेऊन त्याने घर सोडले. फिरत फिरत तो नाशिकला येऊन पोहोचला.

नाशिकला गणेशशास्त्री लेले नावाचे विद्वान शास्त्री होते. त्यांच्यापाशी नारायणाने संस्कृताचे अध्ययन केले. काही दिवस इंग्रजी शाळेतही काढले, परंतु ते शिक्षण अर्धवटच राहिले. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या चालीप्रमाणे वधूचे वय अवघे अकरा वर्षांचे होते. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. याच पुढे आपल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राने मराठी साहित्यात अजरामर झालेल्या लक्ष्मीबाई टिळक.

टिळकांचा संसार हा एका जागी स्थिर असा कधी नव्हताच. कधी शाळेत शिकवावे, कधी कीर्तन-प्रवचन करावे, कधी आणखी काही. आज या गावी तर उद्या त्या गावी. हाती आलेला पैसा टिकत नसे, कारण दुसऱ्याची अडचण दिसली की खिसा रिकामा झालाच म्हणून समजावे. घरात मीठ-मिरची आहे की नाही, याची दाद त्यांना नसे. स्वभावही शीघ्रकोपी. हे सारे लक्ष्मीबाईंनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे आणि ते वाचताना हसूही येते, डोळ्यांत पाणीही येते. थोर माणसे जन्मतःच सर्वगुणसंपन्न असतात, असे आपल्याला उगीचच वाटत असते.

नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाला असताना टिळकांना संस्कृत ग्रंथांवर काम करण्याची संधी मिळाली. 'ऋषि' नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. त्यांच्या मनात धर्मविषयक विचारांचे मोठे वादळ उठलेले होते. माणसामाणसांत उच्चनीच भेद का असावा, देशाची ही दैन्यावस्था का झाली, या प्रश्नांनी ते बेचैन होत. जुन्या समजुतींनी त्यांचे समाधान होईना. अखेर स्वतःच एक नवा धर्म स्थापन करावा, असे त्यांनी ठरविले. त्याची तत्त्वेही त्यांनी मनाशी निश्चित केली. सर्व मनुष्ये एकमेकांची भावंडे आहेत, हे त्यांतील एक तत्त्व. विद्वत्ता होती, वाणी होती, काव्यशक्ती होती. अशा पुरुषाने धर्मसंस्थापक व्हावे, असे मनात आणले तर त्यात नवल ते काय!

याच सुमारास तो आगगाडीतील प्रवास घडला. शब्द दिलेला होता म्हणून टिळकांनी ते पुस्तक वाचावयास घेतले. पहिली पाने त्यांनी परीक्षकाच्या दृष्टीने वाचली. वाचता वाचता ते येशू ख्रिस्ताने डोंगरावर केलेल्या उपदेशापर्यंत आले. शत्रूवरही प्रेम करावे, उजव्या हाताचे दान डाव्या हातास कळू देऊ नये, जो नम्र तोच धन्य, असा तो उपदेश. तो वाचून टिळकांच्या अंतःकरणाची पकड घेतली गेली. ज्या प्रश्नांची उत्तरे ते इतकी वर्षे शोधीत होते ती त्यांना येथे सापडली, असे त्यांना वाटू लागले. धर्माचा संस्थापक होऊ पाहणारा हा मानी पुरुष हळूहळू दुसऱ्याचा शिष्य होण्यास सिद्ध झाला. माझ्या मते टिळकांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण पाऊल हेच होय. धर्मांतराचा दिवस त्यानंतर आला.

दहा फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. अनेक युरोपियन आणि अमेरिकन मिशनरी तेव्हा मुंबईत होते. परंतु टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो एका मराठी पाळकाच्या हातून आणि तोही स्वतःच्या आग्रहाने. ख्रिस्ताकडे जाताना आपण आपल्या देशाकडे पाठ फिरवीत नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी दाखवावयाचे होते. गाडीतील प्रवाशाचे ते दोन वर्षांचे भाकीत खरे ठरले.

परंतु या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनाच द्यावी लागली असे नाही. किंबहुना सर्वांत मोठी किंमत दिली ती लक्ष्मीबाईंनी. त्या तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. पतीने धर्म बदलल्याची वार्ता त्यांना पत्राने कळली. घरावर जणू वीजच कोसळली. अन्नपाणी सुटले, जगण्याची इच्छा नाहीशी झाली. पदरी दत्तू हा लहानगा मुलगा होता म्हणून त्या तगल्या. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या हातचे पाणीही चालत नाही, अशी ती विलक्षण अवस्था. काही काळ त्या पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. विठ्ठलाच्या त्या नगरीत दुःखाने भरलेल्या मनातून त्यांना कविता स्फुरू लागली. टिळकांनी घरच्या माणसांना आधी विश्वासात घ्यावयास हवे होते, असे आज आपल्याला वाटते आणि ते चूक नाही. सत्य आपल्याला गवसले या आनंदात जवळच्या माणसाचे दुःख दिसेनासे होते, असे टिळकांच्या हातून एकदा घडले. पुढच्या वागणुकीने मात्र त्यांनी ते भरून काढले.

ते कसे, ते पाहण्यासारखे आहे. या ताटातुटीत चार वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात टिळकांनी पत्रे लिहिण्याचे सोडले नाही की दुसरा संसार थाटण्याचा विचार केला नाही. अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या. आल्या खऱ्या, पण आपले सोवळे-ओवळे घेऊन आल्या. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळक हे तेव्हा धर्मोपदेशकांना शिकविणारे शिक्षक होते. गावोगावच्या लोकांना ते ख्रिस्ताचा मार्ग सांगत होते आणि घरात स्वतःची पत्नी आपला जुना आचार कसोशीने पाळीत होती. टिळकांनी तिच्यावर सक्ती केली नाही. जो मनुष्य साध्या गोष्टीवरून क्षणात संतापत असे, त्याने या एका बाबतीत आपला संताप गिळला.

लक्ष्मीबाई डोळसपणे सारे पाहत होत्या. देवाने माणसे निर्माण केली, मग जाती कोणी निर्माण केल्या, असा विचार त्यांच्या मनात आपोआप सुरू झाला. विचारांती त्यांनी एके दिवशी शिवाशिवीचा आपला आचार सोडून दिला. पुढे १९०० साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. विद्वान पतीच्या वादविवादाने हे घडले नाही. बाईंच्या स्वतःच्या बुद्धीने घडले.

ख्रिस्ती लोकांत 'साक्ष देणे' असा एक शब्दप्रयोग आहे. न्यायालयात वकील असतो, न्यायाधीश असतो आणि साक्षीदारही असतो. वकिलाचे काम वाद घालण्याचे, न्यायाधीशाचे काम निकाल देण्याचे. साक्षीदाराचे काम त्या मानाने अगदी साधे. आपण जे पाहिले, जे अनुभवले, तेवढे खरे सांगावे आणि बाजूला व्हावे. टिळक हे मूळचे वादपटू. परंतु नगरला आल्यावर ते वकिली सोडून साक्षीदार होण्यास शिकले. त्यांना शिकविणारी गुरू त्यांच्याच घरात होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे मोठे कार्य होते. डॉ. ह्यूम हे त्याचे प्रमुख आधारस्तंभ. उपदेशक तयार करणाऱ्या त्यांच्या विद्यालयात टिळक शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 'रेव्हरंड' ही पदवी त्यांच्या नावामागे लागली ती तेव्हापासून. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळींत बहुसंख्य लोक हे, ज्यांना त्या काळी समाज अस्पृश्य मानीत असे अशा महार आणि मांग जातींतील होते. गावकुसाबाहेर घरे, पाणवठा निराळा, पोटाची भ्रांत कायमची. टिळक जन्माने ब्राह्मण, विद्येने शास्त्री. ते या लोकांच्या झोपड्यांतून जाऊन बसत, त्यांच्या घरची भाकरी त्यांच्या पंक्तीला बसून खात. राहुरीला असताना तर अशा खेड्यापाड्यांतील माणसांशी त्यांचा नित्याचा संबंध येई. दुष्काळाचे आणि प्लेगचे ते दिवस. पोरकी मुले, निराधार बायका, फीपुरतेही पैसे नसलेले विद्यार्थी, अशा सर्वांना टिळकांचे दार उघडे होते. त्यांची घरची माणसे किती, हे मोजणे अवघड होते. ज्या लक्ष्मीबाई एके काळी कोणाची सावली अंगावर पडू देत नव्हत्या, त्याच आता या साऱ्यांचे पालनपोषण करीत होत्या.

आता टिळकांनी केलेल्या एका फार मोठ्या कार्याविषयी सांगावयाचे आहे. ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत गायली जाणारी गीते त्या काळी बहुतेक इंग्रजीवरून भाषांतरित केलेली असत. चालीही इंग्रजीच. मराठी शब्द इंग्रजी चालीत कोंबावयाचे म्हणजे शब्दांची ओढाताण व्हावयाचीच. ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे, दीर्घ अक्षर तोडावे लागे. शेतात राबून आलेल्या माणसाच्या तोंडी ती गीते बसत नसत. मुखी शब्द असत, पण मन कोरडेच राही. टिळकांच्या हे ध्यानी आले. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांनी महाराष्ट्राला देवाशी बोलण्याची भाषा दिलेली आहे. ती अभंगाची, ओवीची, टाळमृदंगाची भाषा आहे. ती सोडून परक्या भाषेत देवाशी बोलण्याचे कारण काय? ख्रिस्ताविषयी बोलावयाचे तर ते मराठी माणसाच्या काळजातल्या भाषेत बोलले पाहिजे, असे त्यांनी ठरविले.

नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तनाची प्रथा टिळकांच्या आधीच सुरू झाली होती. टिळकांनी तिला काव्याचे तेज दिले. त्यांनी अभंग रचले, पदे रचली, आरत्या रचल्या. मराठी ख्रिस्ती लोकांच्या उपासनेच्या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. त्या गीतांत ख्रिस्त कधी माउली होतो, कधी सद्गुरू होतो, कधी जिवलग सखा होतो. तुकाराममहाराजांविषयी टिळकांना अपार भक्ती होती. तुकोबा हा एक पूल आहे आणि त्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती आणि ती ते उघडपणे सांगत. धर्म बदलला म्हणून ज्याच्यामुळे इथवर आलो त्याला विसरावे, हे त्यांच्या रक्तात नव्हते.

रायगड जिल्ह्यात पेणजवळ हमरापूर नावाचे गाव आहे. हे गाव आणि त्याच्या आसपासची गावे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तेथे कारागिरांनी घडविलेल्या मूर्ती दूरदूरच्या घरी जातात. आरती करणाऱ्याला मूर्ती कोणी घडविली हे ठाऊक नसते आणि घडविणाऱ्यालाही त्याची खंत नसते. टिळकांच्या गीतांचेही असेच झाले. ती रविवारी देवळात गायली गेली, कोणाच्या लग्नात गायली गेली, कोणाच्या अंत्ययात्रेत गायली गेली. गाणाऱ्या पुष्कळांना ती कोणी रचली याचा पत्ताही नसे. गीत लोकांच्या तोंडी राहिले आणि कवी मागे सरला.

तसे पाहिले तर टिळकांना कीर्ती कमी नव्हती. ख्रिस्ती धर्म स्वीकारला म्हणून मराठी वाचकांनी त्यांच्या कवितेकडे पाठ फिरविली नाही. फुले, पाखरे आणि मुले हे त्यांचे आवडते विषय. रानात कोणी न पाहता फुलणारे फूल, शिकाऱ्याने मारलेले पाखरू, घरातील अजाण बालक यांच्यावर त्यांनी कविता केल्या. त्यांच्या कविता शाळांच्या क्रमिक पुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या मुलांनी पाठ केल्या. आपल्या देशावरही त्यांचे निस्सीम प्रेम होते. ख्रिस्ती झालेला मनुष्य साहेबाचा झाला, अशी जी समजूत पुष्कळांत होती ती टिळकांच्या देशभक्तिपर कवितांनी खोटी ठरविली. मिशनरी मंडळींपैकी कित्येकांशी त्यांचा गाढ स्नेह होता. पण हिंदी ख्रिस्ती मंडळीने किती दिवस परक्यांच्या ओंजळीने पाणी प्यावे, असे ते त्यांनाही ऐकवीत.

१९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले होते. तेथे सतरा वर्षांच्या एका मुलाने आपली कविता म्हटली आणि जमलेले कवी थक्क झाले. त्या मुलाचे नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे. 'बालकवी' ही पदवी त्याला मिळाली ती या संमेलनातच. परिस्थिती गरिबीची, मन हळवे, स्वभाव विलक्षण. असे रोप उन्हातान्हात करपून जाईल हे टिळकांनी ओळखले आणि ठोंबरे नगरला त्यांच्या घरी येऊन राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. त्यांचे रुसवे काढले, त्यांचे लहरी वागणे पोटात घातले. एक हिंदू मुलगा ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी राहतो, यावर लोकांत कुजबुज होणारच. परंतु बालकवी हिंदूच राहिले आणि त्यामुळे टिळक दांपत्याच्या प्रेमाला कधी उणेपणा आला नाही. ज्या घरात लक्ष्मीबाईंवर सक्ती झाली नव्हती त्या घरात ती ठोंबऱ्यांवर कशी व्हावी? पुढे ५ मे १९१८ रोजी खानदेशात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून बालकवींचा अकाली अंत झाला.

१८४२ साली सुरू झालेले 'ज्ञानोदय' हे मिशनचे जुने पत्र. १९१२ पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले आणि ते त्यांनी शेवटपर्यंत केले. मान होता, पद होते, वेतन होते, शिष्य होते. सामान्य मनुष्य येथे थांबला असता. टिळकांना मात्र पन्नाशी उलटल्यावर निराळीच तळमळ लागली. आपण बोलतो संतांसारखे आणि राहतो मात्र नोकरदारांसारखे, हे त्यांना खुपू लागले. पगार घेऊन धर्म सांगणाऱ्याच्या शब्दाला आपल्या देशातील लोक मान देतात खरे, पण त्यांचे मस्तक लवते ते सर्वस्व सोडणाऱ्यापुढे. रामदास, तुकाराम यांच्या भूमीत ख्रिस्ताची साक्ष द्यावयाची तर हात रिकामे असले पाहिजेत, असे त्यांना वाटू लागले.

१९१७ साली त्यांनी मिशनशी असलेला नोकरीचा संबंध सोडला आणि ते ख्रिस्ती संन्यासी झाले. सातारा ही त्यांनी आपल्या नव्या कार्याची भूमी निवडली. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' या नावाने एक बंधुसंघ उभारण्यास आरंभ केला. त्याची कल्पना त्या काळच्या मानाने धाडसाची होती. ज्याने बाप्तिस्मा घेतला आहे तो या दरबारात येऊ शकत होता आणि ज्याने घेतलेला नाही, परंतु ज्याचे मन ख्रिस्ताकडे ओढले गेले आहे, त्यालाही येथे जागा होती. कोणत्या पंथाचा, कोणत्या मंडळीचा, हे विचारावयाचे नाही. सर्वांनी भाऊ-भाऊ म्हणून राहावे आणि लोकांची सेवा करावी. काहींना ही कल्पना पटली, काहींना पटली नाही. मिशनचा आधार सुटल्यावर या मनुष्याचे चालणार कसे, अशी काळजी त्यांच्या मित्रांनाही वाटे. लक्ष्मीबाईंनाही ती वाटली असल्यास नवल नाही. आयुष्यभर घरातील डबे रिकामे पाहण्याची पाळी त्यांच्यावरच आलेली होती. तरीही या वेळी त्या पतीच्या बरोबर होत्या. १८९५ मध्ये टिळक एकटे गेले होते. १९१७ मध्ये दोघे मिळून निघाले.

परंतु या कार्याला काळाने अवसर दिला नाही. टिळकांची प्रकृती आधीच खालावलेली होती. दरबाराची घडी बसण्यापूर्वीच ते आजारी पडले. उपचारासाठी त्यांना मुंबईस आणण्यात आले आणि तेथेच ९ मे १९१९ रोजी जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाला ख्रिस्ती रूढीप्रमाणे मूठमाती न देता अग्निसंस्कार करण्यात आला. अस्थी नगरला नेऊन तेथे पुरण्यात आल्या. 'देवाचा दरबार' पुढे फार काळ टिकला नाही.

टिळकांचे आणखी एक काम अपुरे राहिले होते. येशू ख्रिस्ताचे समग्र चरित्र मराठी ओवीत गावे, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. त्यासाठी 'ख्रिस्तायन' या महाकाव्याला त्यांनी १९०९ साली प्रारंभ केला होता. परंतु दहा-अकरा अध्यायांच्या पुढे ते काही सरकले नाही. टिळकांच्या मागे ते कोणी पुरे करावे? मोठमोठे पंडित होते, कवी होते. ते काम हाती घेतले ते लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाई कधी शाळेत गेल्या नव्हत्या; त्यांना अक्षरओळख करून दिली होती ती टिळकांनीच. लिहिताना त्यांना जोडाक्षरे अवघड जात. त्या बाईंनी म्हातारपणी, वर्षानुवर्षे खपून, आपल्या साध्या घरगुती भाषेत साठांहून अधिक अध्याय लिहिले. ग्रंथ संपत आला असता २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याही गेल्या. शेवटचा अध्याय त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी लिहिला. हे देवदत्त म्हणजेच तो पंढरपूरचा लहानगा दत्तू. १९३८ साली संपूर्ण 'ख्रिस्तायन' छापून प्रसिद्ध झाले.